फॉर्म आला का ताई?

न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला नोकरी करणाऱ्यांचे टॅक्स रिटर्न्स आमच्या एडिसनच्या ऑफिसात ढिगाने येतात, पण यंदाच्या एका क्लायंटने डोकं पार पिकवलं. साहेब मॅनहॅटनला, बायको इथेच जर्सीत नोकरीला. घर बघणं चालू, त्यामुळे रिफंडची घाई. कंपन्यांना डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला टॅक्स दाखवणारे कागद, ३१ जानेवारीपर्यंत द्यावेच लागतात, ते हातात पडल्या पडल्या हे माझ्यासमोर हजर.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं रिटर्न, तासाभरात झालं. मग न्यूयॉर्क राज्याचा नॉन-रेसिडेंटवाला, म्हणजे तिथे न राहणाऱ्यांचा, आयटी-२०३ फॉर्म उघडला तर पानभर तिरकं फिकट 'डू नॉट फाइल', ई-फाइलचं, म्हणजे ऑनलाइन पाठवायचं बटण राखाडी, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेली तारीख त्याच सकाळी आणखी पुढे ढकललेली. म्हणजे फॉर्म दिसतो, आकडे भरता येतात, पण राज्याने त्या सॉफ्टवेअरचा फॉर्म मंजूर करेपर्यंत पाठवता येत नाही.

गंमत म्हणजे जर्सी राज्याचा फॉर्म, एनजे-१०४०, तयार होता. साहेब म्हणाले, "मग जर्सीचा तरी पाठवून द्या ना ताई." अहो पण न्यूयॉर्कला जो टॅक्स बसतो त्याचं क्रेडिट जर्सी देते, म्हणजे आपल्या टॅक्समधून तेवढी सूट देते, त्याचा जोडफॉर्म शेड्यूल एनजे-सीओजे, आणि त्यात न्यूयॉर्कचा पक्का टॅक्स लिहायला लागतो. यावर ते डब्ल्यू-टूवर बोट ठेवून म्हणतात, "हा काय, कापलाय की इथे!" पगारातून आगाऊ कापलेला टॅक्स वेगळा आणि रिटर्नवर हिशोबाने बसलेला वेगळा, हे मी दर सीझनला इतक्या वेळा सांगते की आता झोपेतही बोलत असेन. कापलेला आकडा तिथे टाकला की आज ना उद्या जर्सीचं पत्र येतंच.

मी ड्राफ्टवरचा हिशोब दाखवला तर तिसरंच सुरू. "बायको न्यूयॉर्कला पायसुद्धा ठेवत नाही, तिचा पगार त्यांच्या फॉर्मवर कशाला?" प्रश्न रास्त आहे. फेडरल रिटर्न नवराबायकोचं एकत्र, म्हणजे जॉइंट, दोघंही तिथले नॉन-रेसिडेंट, म्हणून तिथेही जॉइंट. न्यूयॉर्क आधी तुमच्या सगळ्या कमाईवर टॅक्स काढतं, मग त्यातला न्यूयॉर्कचा वाटा किती तेवढाच घेतं. बायकोच्या पगारावर थेट टॅक्स नाही, पण तिच्यामुळे तुमचा रेट चढतो. मला स्वतःला हे कधीच पटलेलं नाही, पण कायदा आहे. त्यात साहेब आठवड्यातले दोनतीन दिवस घरून काम करणारे, ते दिवस तरी वगळा म्हणाले, तर तेही नाही, कारण स्वतःच्या सोयीने घरी बसलात तर न्यूयॉर्क तो दिवस आपलाच धरतं.

"डॅलसला माझ्या साडूचं रिटर्न एका दुपारीत झालं, तुमचंच सॉफ्टवेअर भंगार आहे." टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्सच नाही हो, त्याला कसली वाट बघायची! मग निघाली कागदावर प्रिंट मारून पोस्टाने पाठवायची आयडिया. त्यालाही मी नाही म्हटलं, ड्राफ्ट फॉर्म कागदावर गेला म्हणून पक्का होत नाही, आणि आमच्यासारख्या, लोकांचे रिटर्न्स भरून देणाऱ्या प्रिपेअरर्सना दोन्ही राज्यांत ई-फाइलच करावं लागतं.

शेवटी फेडरल एकटं पुढे पाठवलं. मोठा रिफंड तिथलाच होता आणि ते स्टेटसाठी अडत नाही, स्टेट नंतर जोडता येतं. तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा जरा सैल झाला, तरी रोज सकाळी चहाच्या आधी मेसेज ठरलेला, 'फॉर्म आला का ताई?'

आला एकदाचा. अपडेट मारलं, बटण निळं झालं, न्यूयॉर्कचा आकडा पक्का करून सीओजेमध्ये घातला. न्यूयॉर्कचा टॅक्स जर्सीपेक्षा जास्त, त्यामुळे क्रेडिट साहेबांच्या न्यूयॉर्कच्या कमाईवर बसणाऱ्या जर्सीच्या टॅक्सपुरतंच मिळालं, वरचा फरक गेला तो गेला, त्यावर पुन्हा अर्धा तास वाद. पण दोन्ही रिटर्न्स गेले आणि ॲक्सेप्टही झाले.

दुसऱ्याच दिवशी डॅलसहून साडूंचा फोन. नंबर आमच्या साहेबांनीच दिलेला. साडूंचं कॅलिफोर्नियात जुनं घर आहे, भाड्याने दिलेलं, आणि तिथला फॉर्म भरायला लागतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.