तांबड्याने मारलं, पांढऱ्याने तारलं

शिराझ ही लाल वाइन आणि कोल्हापुरी मटण यांचं एकदाचं जमलं. पण ज्या वाटीसाठी इतका खटाटोप चालला होता तिच्याशी नाही, शेजारच्या वाटीशी. तांबडा रस्सा अजून हुलकावण्याच देतोय. पांढऱ्याने मात्र पहिल्या घोटातच निकाल लावला, म्हणून हे लगेच लिहायला बसलो.

मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते थोडक्यात सांगतो. ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली, वरच्या दर्जाची 'रिझर्व्ह' शिराझ, समोर घरचा तांबडा रस्सा, आणि दोघांचा छत्तीसचा आकडा. रश्श्याचा भुरका मारून वर वाइनचा घोट घेतला की जांभळासारखा, काळ्या मनुकांसारखा जो वास असतो तो साफ गायब. उरायचं फक्त लाकूड. हिरड्या तुरट, घसा पेटलेला. बऱ्याच जणांनी सुचवलं की गार करून बघ. केली. अल्कोहोलची धग कमी झाली, पण तुरटपणा उलट वर आला. खरी गोची इथेच आहे: वाइन कोमट असेल तर अल्कोहोल भाजतं, गार केली तर टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, बोचतं.

यामागचं कारण वाचलं तेव्हा जरा जिवात जीव आला. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चाळवतं, तेच संवेदक खरा चटकाही ओळखतात. एरवी ते साधारण ४२ अंशांना जागे होतात. अल्कोहोलमुळे हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाच्याही खाली. मिरचीने आधीच चाळवलेल्या तोंडात १४ टक्क्यांची शिराझ ओतणं म्हणजे आगीत तेल. टॅनिनचा प्रकार वेगळा. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पाडतं. त्याला गुंतवायला ताटात चरबी आणि मीठ लागतं. मटणात दोन्ही असतात, पण पातळ रश्श्याच्या भुरक्यात मटण कितीसं येणार?

मग मोर्चा मिरचीकडे वळवला. आमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी कोल्हापुराहून येते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. आईला फोनवर विचारलं, "पुढच्या चटणीत लवंगी जरा कमी घालशील का?"

"अरं, तुझ्या त्या बाटलीपायी आख्ख्या घराची चटणी मिळमिळीत करू व्हय?"

विषय संपला. मग नुसत्या ब्याडगीची थोडीशी चटणी इथेच कुटली. रश्श्याला रंग असा आला की फोटो काढावा, वाइनही बऱ्यापैकी तगली. पण तो रस्सा तांबडा होता इतकंच, त्यात दम नव्हता. वाइनसाठी जेवणाचा बळी देणं आपल्या तत्त्वात बसत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद.

पुढची युक्ती कटाची. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणजे जाळ बराचसा वरच्या तर्रीत असणार. रस्सा झाल्यावर पातेलं थोडं तिरकं ठेवून पळीने कट वेगळ्या वाटीत काढून घेतला. खालचा रस्सा चांगलाच निवळला आणि शिराझचं फळ पहिल्यांदा, पुसटसं का होईना, जाणवलं. अर्धं यश म्हणा. बायकोने मात्र तो रस्सा चाखून "हे आजाऱ्याचं सूप आहे" असा शेरा मारला आणि कटाची वाटी स्वतःच्या ताटात उपडी केली.

पांढऱ्याचं लक्षातच आलं नव्हतं, कारण 'पांढरं ते पांढऱ्याबरोबर, लाल ते लालबरोबर' हे डोक्यात घट्ट बसलेलं. त्या दिवशी तांबड्यासाठी मटण शिजवलं तेव्हा अळणी पाणी बरंच उरलं होतं. काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखे वाटून घेतले. तुपात तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि नेहमीपेक्षा सढळ हाताने काळी मिरी. हिरवी मिरची मुद्दाम वगळली. त्यात वाटण परतून अळणी पाणी घातलं आणि शेवटी आच अगदी मंद करून नारळाचं दूध. हे दूध घातल्यावर पळी थांबवायची नाही आणि खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर फाटतं. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. नारळाचा डबा फोडून हे करणाऱ्यांशी भांडण नाही, पण ओला नारळ खवून काढलेल्या पहिल्या दुधाची साय जिभेवर जशी बसते तशी डब्यातल्याची बसत नाही. आणि आपला सगळा खेळ त्या सायीवरच आहे.

यासोबत रिझर्व्ह न घेता साधी, ओक न लागलेली तरुण शिराझ उघडली. फिरकीचं झाकण, किंमत हजाराच्या आत. (कॉर्कच्या नादी लागणाऱ्यांनी नाशिकचा मे महिना आठवावा.) फ्रिजमधून काढून थोडा वेळ ठेवली, स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवला, १५ अंश. रश्श्याचा भुरका, मग घोट. नारळाच्या स्निग्धतेने टॅनिनला गुंतवलं, मिठाने कडवटपणा दाबला आणि वाइनमधून मिरीचा वास असा वर आला की मी ग्लास आणि वाटी आळीपाळीने नाकाशी धरत बसलो. दोन्हीकडे तोच वास!

तो खरोखर तोच आहे. शिराझच्या मिरीसारख्या वासामागे रोटंडोन नावाचं संयुग असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं, आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. आमच्या मेव्हण्याला येत नाही. तो ग्लास हुंगून "द्राक्षं" एवढंच म्हणाला. थंड हवेत पिकलेल्या शिराझमध्ये हे संयुग जास्त सापडतं असं वाचल्यापासून मी आपल्या द्राक्षवेलींच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीकडे नव्या नजरेने बघतोय. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी, म्हणजे आपला घड भरतो तो थंडीत आणि तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात तोडणी उन्हाळा सरताना होते. थंडी कडक पडलेल्या वर्षाची आणि ऊबदार वर्षाची, एकाच वायनरीची शिराझ शेजारी ठेवून हुंगायला हवी.

एक छोटा विजयही नोंदवतो. भरली वांगी आणि अकलूजच्या फ्रॅटेली वायनरीची सांजोव्हेझे ही लाल वाइन. वांग्यात गूळ नेहमीच्या निम्मा ठेवला, कारण ताटातल्या गोडाने कोरडी (गोड नसलेली) वाइन आंबट आणि कडसर लागते. दाण्याचा कूट भरपूर, वर चमचाभर जास्तीचं तेल. फार चर्चा न होता बाटली संपली.

बाहेरच्या आघाडीवर मात्र आनंदीआनंद. चांगल्या मटणाच्या खानावळींत दारूचा परवाना नसतो आणि परमिट रूममध्ये मटण चांगलं मिळालं तरी वाइनची दैना. परवा एके ठिकाणी ग्लासाने मागवलेली रेड काउंटरवरच्या अर्धवट बाटलीतून आली, किती दिवसांपूर्वी उघडलेली देव जाणे. व्हिनेगरच्या वाटेला लागलेली आणि खोलीइतकीच गरम. बर्फाची बादली मागितली तर वेटरने "सर, ही रेड आहे" असं समजुतीच्या सुरात सांगितलं. 'रूम टेंपरेचर' हा सल्ला १७-१८ अंशांच्या युरोपीय खोल्यांचा आहे हे त्याला सांगत बसलो नाही. तेव्हापासून बाहेर गेलो तर पूर्ण बाटली, समोर उघडलेली, आणि बर्फात पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं. दुकानातही शोकेसमधली, ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली मागा, देतात.

आता पुढचं. ठरवलं होतं की तांबड्यासमोर एकदा कॅबर्ने ही आणखी तुरट लाल वाइन घालून बघायची. पण वरचं सगळं लिहिता लिहिता ते रद्द केलं. टॅनिन आणखी वाढवून काय साधणार? त्याऐवजी ताटाचा क्रमच बदलतो. आधी पांढरा रस्सा आणि सुकं, त्याच्यासोबत शिराझ. सुक्यात खोबरं आणि चरबी असल्याने ते निभावेल असा अंदाज आहे. मग ग्लास बाजूला, आणि तांबडा कटासकट भाताबरोबर.

आणि हो, आत्ताच एक भलतंच सुचलं. तिखटावर गोडी चालते, टॅनिन नको, गार पिता यायला हवं. या सगळ्यात बसणारी लाल वाइन आपल्याकडे वर्षानुवर्षं स्वस्तात मिळतेय: गोव्याची पोर्ट! पोर्तुगालच्या पोर्टशी तिचं फक्त नावापुरतं नातं, आणि आपल्यातले निम्मे लोक तिच्याकडे बघून नाक मुरडतात. मीही मुरडत आलोय. पण फ्रिजमध्ये चांगली गार केलेली पोर्ट आणि लवंगीचा जाळ असलेला तांबडा रस्सा, हे करून बघितल्याशिवाय आता चैन पडणार नाही. रविवारचं मटण सांगून ठेवलंय, सीना आणि नळी. कोणी आधीच हा उद्योग केला असेल तर किती अंशांवर पाजली ते तेवढं कळवा.