एका फोटोला चौदा सेकंद

शाळेच्या आयकार्डाचं काम म्हणजे फोटोग्राफीतलं सगळ्यात खालच्या पायरीवरचं काम, असं आमच्या लाईनीत मानतात. लग्नवाले तर आम्हाला फोटोग्राफर म्हणायलाही तयार नसतात. मानू देत. लग्नात तीनशे पाहुण्यांतल्या एकाचा डोळा मिटला तर कोणी विचारत नाही, इथे दोन हजार पोरांमधलं एकही सुटून चालत नाही, आणि प्रत्येकाचा फोटो त्याच्याच नावाला लागला पाहिजे. फोटो काढणं हा त्यातला सोपा भाग आहे.

आमचा स्टुडिओ ठाण्यात नौपाड्यात, शाळा नवी मुंबईत ऐरोलीची. नाव सांगत नाही, पुढच्या वर्षीही काम हवंय. सामान घेऊन ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची. पूर्वी ऐरोली पहिलंच स्टेशन होतं, २०२४ पासून मधे दिघा गाव झालंय, तरी दहा-पंधरा मिनिटांचंच काम. जून संपत आलेला, पाऊस धो धो, आणि शाळेने कबूल केलेला हॉल मोफत पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी भरलेला. मुख्याध्यापक सर म्हणाले, जिन्याच्या वळणावर जागा आहे की. आता त्यांना काय सांगणार.

बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. पोर पडद्यापासून निदान चार-पाच फूट पुढे उभं लागतं. मग त्याची सावली खाली जमिनीवर पडते, पडद्यावर येत नाही, आणि पडद्याला वेगळा लाईट मारला की तो आपोआप पांढराशुभ्र येतो, नंतर कॉम्प्युटरवर हात लावावा लागत नाही. जिन्यात दीड फूटही मिळेना. दुसरा लाईट लावायला प्लग पॉईंट नाही. एका लाईटवर, आयएसओ १६०० करून (म्हणजे कमी उजेडातही फोटो येतो, पण त्यात दाणे दिसतात) काढले सगळे. प्रत्येक पोराच्या कानामागे पडद्यावर सावलीचा दुसरा कान. पुढे जे काही रामायण झालं त्याचं मूळ तिथे जिन्यात आहे असं माझं ठाम मत आहे, दादा काहीही म्हणोत.

दादा म्हणजे आमचे मालक. आणि एक नवीन पोरगा ठेवलाय एडिटिंगला. हुशार आहे, पण यूट्यूबवर शिकलाय, म्हणजे बटणं सगळी माहीत आणि कुठलं कधी दाबायचं नाही ते माहीत नाही.

सोमवारी सकाळी शाळेत दोन सेट द्यायचे होते. एक कार्ड छापायला, फाईलला रोल नंबर आणि नाव. दुसरा सरकारी पोर्टलवर चढवायला, फाईलला फक्त जीआर नंबर, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधला पोराचा नंबर, आणि प्रत्येक फोटो ५० केबीच्या आत. रविवारी संध्याकाळी मी लाईटरूममध्ये, म्हणजे आमच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सपोर्टला (तयार फाईली बाहेर काढायला) लावलं, खाली जाऊन चहा पिऊन आलो, बघतो तर पट्टी जागची हललेली नाही. मोबाईलवर वेळ लावून बघितली, एका फोटोला चौदा सेकंद. नेहमी दोन लागतात, फार तर तीन. दोन हजार गुणिले चौदा म्हणजे जवळजवळ आठ तास, आणि हा एकच सेट.

दादा म्हणाले मशीन म्हातारं झालं, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकू. दादांना कुठल्याही दुखण्यावर ग्राफिक्स कार्डच सुचतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात त्यांचा कोणी दोस्त आहे, त्याला त्यांनी रविवारी रात्री फोनही लावला. पोरगा म्हणाला, ‘सर, सी ड्राईव्ह फॉरमॅट मारून बघूया का?’ लाईटरूमची कॅटलॉग, म्हणजे केलेल्या एडिटिंगची सगळी नोंद, त्याच ड्राईव्हवर आहे हे बहुतेक त्याच्या गावीही नसावं.

मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर कधी वर कधी खाली, डिस्क जवळपास निवांत, रॅम बरी. मग मी जे करतो ते सगळ्यांनी करावं असं मला वाटतं, पण लोक आधी पैसे खर्च करतात. जुन्या एका बारशाचे थोडे फोटो काढले आणि त्याच सेटिंगने, त्याच फोल्डरला एक्सपोर्ट केले. फटाफट बाहेर आले. म्हणजे मशीन ठीक, फोल्डर ठीक. तरी खात्रीसाठी ते फोल्डर गुगल ड्राईव्हच्या सिंकमधून बाहेर काढलं, कारण फाईल पडली की लगेच ती वर चढवायला घेतो आणि अँटीव्हायरस प्रत्येक फाईल हुंगत बसतो. सेकंदभर वाचला असेल. मग शाळेच्या एका फोटोची व्हर्च्युअल कॉपी (मूळ एडिटिंगला धक्का न लावणारी वेगळी प्रत) केली, सगळं एडिटिंग रीसेट केलं आणि तो एकटा बाहेर काढला. दीड-दोन सेकंद. सापडलं. दुखणं मशीनला नव्हतं, फोटोवर जे चढवलेलं होतं त्याला होतं.

हिस्टरीत बघितलं तर आमच्या एडिटिंगवाल्या पोराने पहिल्या फोटोला सिलेक्ट सब्जेक्टचा मास्क (फोटोतला माणूस आपोआप ओळखून तेवढाच भाग निवडणारा) लावला होता, तो उलटा केला होता, म्हणजे पोर सोडून मागचं सगळं, आणि एक्स्पोजर वर खेचून पडदा पांढरा केला होता. सावली गायब. डोकं चांगलं लावलेलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. हे मास्क ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा मीही नाचलो होतो, कारण त्याआधी असलं काम पेन टूलने करायला लागायचं आणि केसांपाशी रडू यायचं. पण मग त्याने ते सिंक करून सगळ्या दोन हजारांना लावलं. हा मास्क म्हणजे एकदा काढला आणि सगळीकडे चिकटवला असं नसतं, पोर बदललं की त्याला नव्याने शोधावं लागतं कुठे माणूस आहे आणि कुठे पडदा. शिवाय दाणे घालवायचं नॉईज रिडक्शन सगळ्यांना, लेन्सचे दोष सुधारायचं लेन्स करेक्शन सगळ्यांना. आणि आमचं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं की एक्सपोर्टला ते वापरायचा टिक लागतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर. (हे वाक्य दादांनी वाचू नये.)

आणि हे सगळं कशासाठी? आयकार्डावर फोटो अडीच सेंटीमीटर रुंद. ३०० डीपीआयने हिशेब केला तर तीनशे पिक्सेलसुद्धा भरत नाहीत. कॅमेरा देतो ६००० बाय ४०००. सॉफ्टवेअर आधी ते चोवीस मेगापिक्सेल पूर्ण उलगडतं, त्यावर नॉईज, मास्क, रंग सगळं करतं आणि अगदी शेवटी लहान करतं. वाटीभर आमटीसाठी पंगतीचं पातेलं चढवायचं, असा प्रकार.

पोर्टलच्या सेटला पोराने अजून एक करामत केली होती, फाईल साईज लिमिटला टिक करून ५० लिहिलं होतं आणि पिक्सेल कमी केलेच नव्हते. अख्खा सहा हजार पिक्सेलचा फोटो ५० केबीत कसा बसणार? ते बिचारं सॉफ्टवेअर क्वालिटी कमी करून बघतं, नाही बसलं की अजून कमी, आणि शेवटी जमलं नाही म्हणून एरर टाकतं. त्यात मेटाडेटा (कॅमेरा, तारीख, सेटिंग अशी फाईलमध्ये लपलेली माहिती) सगळा चालू. एवढ्याशा फाईलमध्ये तोच किती जागा खातो. त्यापेक्षा ४१३ बाय ५३१ पिक्सेल करायचे, म्हणजे साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा पासपोर्ट साईज, क्वालिटी साठच्या आसपास, मेटाडेटात फक्त कॉपीराईट, लिमिटचा टिक काढून टाकायचा. आपोआप ५० च्या आत राहतात. आणि त्यासाठी परत कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाईलपासून सुरुवात करायची गरजच नाही, पहिला सेट तयार झाला की त्याच्याच जेपेग इरफानव्ह्यू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या बॅचला टाकायच्या, कॉपीला जीआर नंबरची नावं द्यायची, झाला दुसरा सेट. मला हे सांगताना उगाच बरं वाटतंय, पण कोणी विचारत नाही हो असलं काही.

मग ठरवलं की मास्क सरसकट काढायचे, फक्त ज्यांची सावली फारच काळी आहे त्यांचे ठेवायचे. बाकीच्यांचा पडदा फिकट राखाडी दिसतो, दिसू दे, शाळेने फिकट बॅकग्राऊंड सांगितलंय. पण कोणाचे काढायचे ते बघायला तोवर तयार झालेले फोटो मोठे आयकॉन करून बघत बसलो, आणि मला दिसलं की पोरींच्या रिबिनी गेल्यात. दोन वेण्या वर बांधलेल्या, पांढऱ्या रिबिनी. मास्कने त्या पडदा समजून उडवल्या होत्या. वेणी मधेच तुटलेली, वरती काही नाही. काही काही पोरींचं तर रिबिनीसकट अर्धं डोकं गेलेलं. म्हणजे चौदा सेकंद लावून, प्रोसेसर तापवून आम्ही फोटो बिघडवत होतो.

म्हणून मग वर्गावर्गाने रिबिनवाल्या पोरी शोधायला लागलो. आणि सातवी ब मध्ये एक रिबिनवाली पोरगी सापडली, तिच्या फाईलला नाव मुलाचं.

आधी वाटलं नावच तसं असेल, हल्ली काय सांगता येतं. पण बापाचं नाव, आडनाव सगळं लिहिलेलं, त्यापुढे कु. नाही, चि. आहे. शाळेच्या एक्सेलमध्ये कु. आणि चि. हे नावाच्याच खान्यात टाकतात, त्यावर मी इतकी वर्षं चिडत आलोय. त्या दिवशी उपयोगी पडलं.

आमची पद्धत अशी की वर्ग रोल नंबरप्रमाणे रांगेत येतो, आम्ही क्रमाने काढत जातो, प्रत्येकाचा एक फोटो निवडतो, मग एक्सेलमधल्या यादीवरून रिनेमची (फाईलींची नावं बदलायची) कमांड बनवून रॉ फाईललाच नाव देतो आणि मग लाईटरूममध्ये घेतो. तपासणी एकच, फोटो किती आणि नावं किती. सातवी ब ची यादी ४५, फोटो ४५. बरोबर आहे म्हणून पुढे गेलो. सगळे असंच करतात, ठाण्यातला कुठलाही आयकार्डवाला विचारा.

रात्री साडेनऊला वर्गशिक्षिका बाईंना फोन केला. त्या आधी वैतागल्या, मग म्हणाल्या, ‘अहो, नऊ नंबर त्या दिवशी आलाच नव्हता, गावाला गेलाय तो. आणि एक नवीन ॲडमिशन आलंय, त्याचं नाव यादीत अजून चढवलं नाही, त्याला मी शेवटी उभं केलं होतं.’

एक कमी, एक जास्त, बेरीज जुळली. नऊ नंबरच्या नावावर दहाव्याचा फोटो, दहाव्याच्या नावावर अकराव्याचा, असं शेवटपर्यंत. ३७ नावं चुकलेली आणि आकडा पंचेचाळीसला पंचेचाळीस. या शाळेत आधी मुलगे १ ते २४, मग मुली, म्हणून गडबड फक्त दोनच ठिकाणी दिसण्यासारखी होती. चोवीस नंबरच्या मुलाच्या नावावर पंचवीस नंबरची मुलगी, आणि सगळ्यात शेवटच्या मुलीच्या नावावर तो नवीन आलेला मुलगा. मधली ३५ पोरं मुलगा ते मुलगा, मुलगी ते मुलगी अशी सरकलेली, ती आम्हाला जन्मात कळली नसती. आम्ही थोडीच ओळखतो त्यांना.

रात्री सगळ्या वर्गांच्या बाईंना आणि सरांना मेसेज टाकले, त्या दिवशी कोण गैरहजर, यादीबाहेरचं कोण. काहींनी लगेच सांगितलं, एका सरांनी ‘उद्या शाळेत बोलू’ असं लिहून फोन बंद केला. त्या सरांचा वर्ग मी बाजूला ठेवला. नावं दुरुस्त केली, मास्क काढले, परत लावलं, दोन सेकंदाला एक फोटो सुटायला लागला आणि सव्वा तासात संपलं. सोमवारी ऑफिसातल्या मॅडमना पेनड्राईव्ह दिला आणि एक वर्ग संध्याकाळी देतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘पूर्ण काम आणायचं ना, अर्धवट कशाला आणता?’ सातवी ब चं मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही, त्या पावत्या फाडत होत्या.

पोरगा हिरमुसलाय. दादांनी ग्राफिक्स कार्ड मागवलंच, पुढच्या आठवड्यात येतंय. मी म्हटलं त्यापेक्षा एक लांब वायरचा बोर्ड घ्या आणि प्रत्येक पोराच्या हातात रोल नंबर लिहिलेली पाटी देऊन एक जादा फोटो काढू. दादा म्हणाले, ‘दोन हजार जादा फोटो? किती वेळ जाईल रे त्यात!’

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललंय. मागच्या वर्षी एका मुलींच्या शाळेचं काम केलं होतं, त्यांना कार्डं नको होती, फक्त पोर्टलचे फोटो. कार्ड चुकलं तर वाटताना पोरं लगेच ओरडतात, ‘सर, हा मी नाही.’ पोर्टलवर चढलेला फोटो कोण बघतं? फाईलला नुसता जीआर नंबर, नाव नाही, चि. नाही, कु. नाही, आणि सगळ्या मुलीच, सगळ्यांना रिबिनी. एक्सपोर्ट तेव्हा झकास झाला होता, मी चहा संपवून येईपर्यंत अर्धा सेट बाहेर पडला होता, कशाला बघतोय उघडून. ती कॅटलॉग अजून आहे, काल उघडली. प्रत्येक वर्गाचा आकडा जुळतो. दादांना म्हटलं, त्या शाळेकडून त्या दिवसाची हजेरी मागवू का, तर म्हणाले कोणाची तक्रार आलीये का, नाही ना, मग कशाला उकरतोस. तरी मी तिथल्या मॅडमना फोन केला. त्यांची बदली झालीये, आणि नवीन मॅडम म्हणाल्या मागच्या वर्षीचे हजेरीपट बांधून माळ्यावर टाकलेत, लेखी अर्ज द्या.

अर्ज लिहून ठेवलाय. खाली सही दादांची लागते.