गोळ्या बंद केल्या, पण पुढे काय?

एका स्त्रीला आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर एवढेच होते: एचपीव्ही 16 (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) पॉझिटिव्ह, पॅप तपासणीत (गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी) उच्च श्रेणीचे बदल, नऊ वर्षे गर्भनिरोधक गोळ्या, त्या आता बंद. त्याऐवजी काय वापरायचे याबद्दल अवाक्षर नव्हते. तीन महिन्यांनी ती आमच्याकडे कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख तपासण्यासाठी, आली, तेव्हा तिची पाळी चुकलेली होती आणि लघवीची चाचणी पॉझिटिव्ह निघाली.

गर्भाशयमुखावर पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावून मी मिनिटभर थांबलो; त्याने बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हे थांबणे घाईत उरकणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, कारण पांढरेपणा सावकाश चढतो. घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी दाट, ठळक काठाचा डाग उमटला. हिरव्या फिल्टरखाली त्यात फरशीच्या तुकड्यांसारखी नक्षी दिसली, पण कर्करोगाची शंका आणणाऱ्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या कुठेच नव्हत्या. तरीही खात्रीसाठी एक छोटा तुकडा घेतला. अहवाल आला: सीआयएन 3, म्हणजे कर्करोगाआधीचे तीव्र बदल; आक्रमक कर्करोग नाही. एरवी लूपने, म्हणजे विजेच्या तारेच्या फासाने, तो भाग काढला असता. गरोदरपणात रक्तस्राव आणि गर्भपाताच्या भीतीने ते बाळंतपणानंतरवर ढकलावे लागते.

"डॉक्टर, गोळ्यांनीच झालं का हो हे?" तिने विचारले. मी म्हणालो, विषाणूशिवाय हे झालेच नसते. गोळ्यांनी हातभार लावला असेल. संयुक्त (दोन संप्रेरकांच्या) गोळ्या पाच किंवा अधिक वर्षे घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट आढळतो हे खरे, आणि विषाणूच्या जनुकांच्या नियंत्रक भागात संप्रेरकांच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटायला जागा आहेत, हेही खरे. पण तो धोका गोळ्या थांबवल्यावर हळूहळू ओसरत साधारण दहा वर्षांनी न घेणाऱ्यांच्या पातळीला येतो. तीन महिन्यांत सीआयएन 3 विरघळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या गर्भनिरोधकांसाठीच्या पात्रता निकषांतही अशा स्त्रीसाठी संयुक्त गोळ्या दुसऱ्या वर्गात, म्हणजे फायदा सहसा जास्त या गटात, बसतात.

"मग बंद केल्या ते बरोबरच ना?" तिने माझ्या 'असेल'चा धागा पकडला होता. चिठ्ठी लिहिणाऱ्या सहकाऱ्याने घाई केली असे मी तिला सांगितले नाही. आमच्या विभागानेही तारीख देताना तिला काही विचारले नव्हते. तपासणीच्या फॉर्मवर 'सध्याचे गर्भनिरोधक' असा रकानाच नाही. त्या दिवसापासून मी तो समासात हाताने लिहितो.