७२ फ्रेम्सचा झोका

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आज पडद्यावरचा झोपाळा पहिल्यांदा आमच्या झोपाळ्यासारखा हलला. झोप येत नाहीये, म्हणून लिहून ठेवते.

फ्लॅश, म्हणजे चित्रं हलती करण्याचं सॉफ्टवेअर, शिकवणारं हे जाडजूड इंग्रजी पुस्तक मी जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून आणलं होतं. कव्हरवर मॅक्रोमीडियाचं नाव आहे, म्हणजे २००५ साली अडोबीने ती कंपनी घेतली त्याच्या आधीचं. ती हलती चित्रं ब्राउझरमध्ये दाखवणारा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. सॉफ्टवेअरचं नाव तर २०१६ पासूनच अ‍ॅनिमेट झालंय. तरी मी या पुस्तकाला धरून बसले आहे, कारण व्हिडिओत शिकवणारा पुढे निघून जातो आणि पुस्तक पान उघडं ठेवून थांबतं. समासात पेन्सिलीने मराठीत लिहिता येतं. टाइमलाइन (फ्रेम्सची, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चित्रांची पट्टी), की-फ्रेम (आपण स्वतः ठरवून दिलेली फ्रेम), सिम्बॉल (एकच वस्तू म्हणून हलवता येणारं चित्र), लायब्ररी (सिम्बॉल्सचा साठा) हे सगळं अजून जिथल्या तिथे आहे. एफ-६ दाबलं की की-फ्रेम, एफ-८ दाबलं की चित्राचं सिम्बॉल.

अडखळले ते नावात. पुस्तक म्हणतं ‘मोशन ट्वीन’ निवडा, म्हणजे दोन की-फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स आपोआप भरतात. मी तेच निवडत होते आणि पुढची एकही पायरी जुळत नव्हती. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. २००८ च्या सीएस-४ या आवृत्तीपासून ‘मोशन ट्वीन’ हे नाव एका वेगळ्याच पद्धतीला दिलं गेलं आणि जुनीला ‘क्लासिक ट्वीन’ म्हणायला लागले. पान १ वर ठळक लिहून टाकलंय. दुसरं असंच: पुस्तकात सेकंदाला १२ फ्रेम्स, आता मुळात २४ येतात. तेव्हा पुस्तकातले फ्रेम्सचे सगळे आकडे दुप्पट धरायचे.

झोपाळा बाजूने काढला. पाट, सळ्या, वर छतातली कडी. सगळ्याचं मिळून एक सिम्बॉल. फिरवला तर तो मधोमधच गरगरला, पंख्यासारखा. सिम्बॉलच्या मध्यावर एक पांढरा ठिपका असतो, तो उचलून कडीपाशी नेऊन ठेवायचा असतो. पुस्तकात याला जेमतेम तीन ओळी आहेत. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा जीव त्या तीन ओळींत आहे. वस्तू कुठून लटकली आहे हे ठरवल्याशिवाय ती हलणार कशी?

मग हलला, पण एकाच वेगाने, या टोकाकडून त्या टोकाकडे, गाडीच्या वायपरसारखा. इथे ईझिंग, म्हणजे वेग हळूहळू वाढवणं-कमी करणं. टोकाकडून खाली येताना उणे १००, म्हणजे सुरुवात हळू आणि मग वेग. खालून वर जाताना अधिक १००, म्हणजे वेग ओसरत ओसरत टोकाला क्षणभर टेकायचं. दोन की-फ्रेम्स माणसाने द्यायच्या, मधलं यंत्र भरतं. पण मधलं कसं भरायचं हे मात्र बघणाऱ्यालाच सांगावं लागतं.

आणि बघायचं तर ओसरीतच होतं. काल आई संध्याकाळची स्तोत्रं म्हणत झोपाळ्यावर बसली होती, मी घड्याळ घेऊन समोर. जाऊन-येऊन एक असे दहा झोके, ३० सेकंद. म्हणजे एका झोक्याला ३ सेकंद, ७२ फ्रेम्स. तिने पाय उचलून घेतले, झोके लहान होत गेले. मला वाटत होतं, आता वेळही कमी भरेल. परत दहा मोजले. पुन्हा तेच, जवळपास ३०! लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, त्याच्या लांबीवर ठरतो, झोका फार मोठा नसेल तर त्याच्या रुंदीवर नाही, हे शाळेत पाठ केलं होतं. सळ्या सात फुटी आहेत, गणित बरोबर येतं. म्हणजे की-फ्रेम्सची जागा हलवायचीच नाही. १, १९, ३७, ५५, ७३: टोक, तळ, टोक, तळ, टोक. फक्त टोकाचा कोन कमी करत जायचा, २० अंश, मग १८, मग १६. हे पुस्तकात कुठेच नाही. समासात लिहिलं, खाली तारीख घातली.

आज कलाभवनावरून येताना फाळक्यांची आठवण झाली. ते तिथे शिकले, आपल्या बडोद्यात. पुढे १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं, रोज एक फ्रेम, महिनाभर. दिवसाला एक! मी तीन संध्याकाळींत ७२ फ्रेम्सची घाई करत होते. रोपासमोर रोज जाऊन उभं राहणाऱ्या त्या माणसाबद्दल आज फार जवळीक वाटली.

जेवणं झाल्यावर फाइल एचटीएमएल-५ कॅनव्हास म्हणून काढली. फ्लॅश प्लेअरशिवाय ब्राउझरमध्ये सुरळीत चालली. आईला बोलावून दाखवली. तिने चष्मा लावला, तीन-चार झोके बघितले, मानेनेच ताल धरला.

“झोका आपलाच आहे गं,” म्हणाली. “पण ढकलतंय कोण? पाय कुठाय?”

मी तिला उठवून परत झोपाळ्यावर बसवलं आणि जमिनीवर मांडी घालून तिच्या पायाकडे बघत राहिले. झोपाळा मागून येऊन अगदी खाली पोचतो त्याच सुमाराला तिचा उजवा अंगठा फरशीला टेकतो, नुसता टेकतो, आणि निघतो. म्हणजे १९ वी फ्रेम. टेकलेला अंगठा दोन फ्रेम्स धरावा लागेल, कदाचित तीन. पाय वेगळ्या लेयरवर (थरावर) घ्यायचा, त्याचा पांढरा ठिपका गुडघ्यावर.

उद्या शाळेतून आले की पाय काढायला घेते. आई म्हणाली, जोडवी विसरू नकोस.