स्ट्रोक्सटाऊन : एक रुंद रस्ता आणि जमीनदाराचे दप्तर

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाऊन या छोट्याशा गावात शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो तिथला मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना दुमजली घरे आणि साधी दुकाने, आणि मध्ये जवळजवळ दीडशे फूट रुंदीची मोकळी पट्टी. एवढ्या रुंदीत आमच्या अंबाजोगाईचा आठवडी बाजार आरामात भरेल. रस्त्याच्या एका टोकाला अष्टकोनी चर्च आहे आणि दुसऱ्या टोकाला उंच कमान. कमानीतून आत गेले की माहोन घराण्याचा वाडा लागतो. गाव जमीनदाराने आखले आणि आखताना नजर कमानीकडेच जाईल अशी सोय करून ठेवली, हे कोणी सांगावे लागत नाही. व्हिएन्नाच्या रिंगस्ट्रास या प्रसिद्ध रुंद रस्त्यावरून हा रस्ता सुचला अशी आख्यायिका अजून ऐकायला मिळते. मात्र रिंगस्ट्रास बांधण्याचा बादशाही हुकूमच १८५७ चा आहे आणि हा रस्ता त्याच्या कितीतरी आधीचा आहे, तेव्हा ती कथा सोडून द्यावी हे बरे.

माहोनांच्या हाती ही जमीन सतराव्या शतकात, इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या आयर्लंडवरील स्वारीनंतर झालेल्या वाटपात आली. मूळच्या कॅथलिक मालकांकडून काढलेली जमीन इंग्रजी सत्तेशी निष्ठावंत असलेल्यांना देण्याचे ते धोरण होते. निझामी मुलखात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जहागिरी पाहिल्या, त्यांना या व्यवहाराचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. पुढे १८०० साली, आयरिश संसद आपल्याच विसर्जनाच्या बाजूने मत देत असताना, मोरिस माहोन यांना लॉर्ड हार्टलँड ही पदवी मिळाली. त्या वर्षी अशा पदव्या बऱ्याच वाटल्या गेल्या आणि त्या कशाचा मोबदला होत्या याविषयी इतिहासकारांत फारसा वाद नाही.

वाड्याचे वर्णन करीत बसलो तर लेख त्यातच संपेल. तरी त्याच्या मुदपाकखान्याविषयी सांगितलेच पाहिजे. त्या उंच खोलीच्या वरच्या बाजूने लाकडी कठड्याचा सज्जा फिरवलेला आहे. घरची मालकीण या सज्ज्यावरून आठवड्याच्या जेवणाची यादी खाली स्वयंपाकिणीकडे टाकीत असे, म्हणजे चुलीपर्यंत उतरण्याची वेळच येत नसे. नोकरचाकरांची ये-जा मालकांच्या नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालून भुयारही काढलेले आहे. माणसांकडून काम घ्यायचे, पण ती दिसता कामा नयेत, ही व्यवस्था विटा-दगडांत इतकी चोख उतरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती तिसऱ्या लॉर्ड हार्टलँडपासून. १८३६ साली त्याला वेडा ठरवण्यात आले आणि इस्टेट न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. या काळात खंडवसुली ढिली पडली, मधले ठेकेदार माजले आणि आधीच लहान असलेल्या तुकड्यांचे आणखी तुकडे होऊन पोटकुळांची संख्या वाढत गेली. एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवायचे तर बटाट्यावाचून दुसरे पीक परवडणारे नव्हते. हा लॉर्ड १८४५ च्या अखेरीस वारला आणि इस्टेट मेजर डेनिस माहोन यांच्याकडे आली. सुमारे अकरा हजार एकर जमीन, तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे आणि तेरा हजार पौंडांच्या घरातली थकबाकी, असा हा वारसा होता. त्याच वर्षी बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या वर्षी तर जवळजवळ सगळे पीक शेतातच सडले.

सरकारने अमेरिकेतून मका आणला. तो दळायचा कसा आणि शिजवायचा कसा हे लोकांना माहीत नव्हते, त्यामुळे पोटे बिघडली. हे वाचताना आमच्याकडच्या १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलोची आठवण न येणारा मराठवाड्यातला माणूस विरळा. मात्र साम्य इथेच संपते, कारण आमच्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याची जमीन त्याच्याच नावावर राहिली. आयर्लंडमध्ये १८४७ च्या कायद्याने असे ठरवले की ज्याच्याकडे पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, अधिक जमीन असेल त्याला सरकारी मदत मिळणार नाही. एकीकडे भूक आणि दुसरीकडे जमीन, यातले एक निवडा, असा तो हुकूम होता. याशिवाय वार्षिक चार पौंड वा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-कर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, कुळाऐवजी जमीनदाराला भरावा लागे. म्हणजे जितकी कुळे लहान आणि जास्त, तितका कराचा बोजा मोठा. कुळे उठवण्यात जमीनदाराचा फायदा व्हावा, अशीच ती कायद्याची रचना होती.

मेजर माहोन यांनी नेमलेला कारभारी जॉन रॉस माहोन हा हिशेबाचा पक्का माणूस होता. त्याने मालकाला दाखवून दिले की कुळांना वर्षभर गरीबखान्यात (वर्कहाऊसमध्ये) पोसायचे तर अकरा हजार पौंडांवर खर्च येईल, आणि त्यांना जहाजाने कॅनडाला पाठवायचे तर त्याच्या निम्म्यातच भागेल. हा आकडा मला मेजरच्या साऱ्या कृत्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मेजर व्यक्तिशः क्रूर होता की नव्हता यावर तिथे अजून वाद चालतो, पण इस्टेटीचा ताळेबंद त्या वादात पडत नाही. त्यात माणूस खर्चाच्या बाजूला मांडला गेला आणि तिथून तो वजा झाला.

मे १८४७ मध्ये सुमारे १४९० माणसे स्ट्रोक्सटाऊनहून निघाली. रॉयल कालव्याच्या काठाने, कारभाऱ्याच्या माणसाच्या पहाऱ्यात, ती पायी डब्लिनला गेली. तिथून बोटीने लिव्हरपूल आणि लिव्हरपूलहून कॅनडाच्या क्यूबेकजवळचे ग्रोस ईल बेट. त्यांना वाहून नेणाऱ्या चार जहाजांपैकी ‘व्हर्जिनियस’वर ४७६ प्रवासी होते आणि त्यांतले १५८ वाटेतच ताप आणि हगवणीने मेले. निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे कॅनडात नीट वस्ती करायलाही उरली नाहीत. जे गेले नाहीत त्यांना घरांतून काढण्यात आले. एल्फिन या तिथल्या धर्मप्रांताच्या बिशपांनी पुढे बेदखल केलेल्यांची जी यादी छापली तीत ३००६ माणसे आहेत.

२ नोव्हेंबर १८४७ रोजी रॉसकॉमनहून परतताना मेजर माहोन यांना गोळी घालून ठार करण्यात आले. त्या रात्री आसपासच्या टेकड्यांवर लोकांनी आनंदाच्या होळ्या पेटवल्याचे सांगतात. प्रकरण थेट लंडनच्या लॉर्ड्स सभेत गेले, गावच्या पाद्रीबाबांवर चिथावणीचा आरोप झाला आणि पुढच्या वर्षी दोघांना फाशी झाली. मेजरची मुलगी ग्रेस हिने स्ट्रोक्सटाऊनला पुन्हा पाऊल न ठेवण्याची शपथ घेतल्याचे तिथे सांगतात. कुळांची हकालपट्टी मात्र खुनानंतरही थांबली नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवरून व्यक्ती आणि व्यवस्था यांतला फरक लक्षात यावा.

हे सगळे मी गावी आल्यावर पारावर सांगितले तेव्हा आमच्या भावकीतल्या एका वयोवृद्ध तात्यांनी नेमका मुद्दा धरला : “अरे, पण ही कागदं त्यांनी जाळली कशी नाहीत?” आमच्या गावच्या गढीतली कागदपत्रे त्यांच्या डोळ्यांसमोर गेलेली. मोडीतले आणि उर्दूतले रुमाल, म्हणजे दप्तराचे गठ्ठे, काही वाळवीने खाल्ले, काही बंब पेटवायला गेले, आणि गढीची पांढरी माती गावकऱ्यांनी घरांच्या धाब्यांवर टाकायला गाड्या भरभरून नेली. १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, जमिनीची मालकी बदलली. पण कोणत्या कुळाने कोणत्या वर्षी किती खंड दिला, कोण कोणाच्या बांधावरून उठवले गेले, हे सांगणारा कागद आज आमच्याकडे नाही. आठवण आहे, आणि ती वतनदाराच्या वारसांची वेगळी व कुळाच्या वारसांची वेगळी.

तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. कागद जाळावेत असे त्या घराण्याला कधी वाटलेच नाही, कारण आपण काही गैर केले अशी त्यांची समजूतच नव्हती. आयर्लंडमधील जमीनकायद्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इस्टेटीची शेतजमीन कुळांकडे जाऊ लागली, तरी वाडा माहोनांच्या वंशजांकडेच राहिला. १९७९ मध्ये शेवटच्या मालकीणबाईंनी तो विकला. घेणारा गावातलाच गॅरेजवाला होता. त्याला धंद्यासाठी जागा हवी होती. वाड्याच्या दप्तरात हात घातल्यावर त्याला ऑगस्ट १८४६ चा, इस्टेटीतल्या क्लूनाही येथील कुळांचा अर्ज सापडला. आमची मुले आमच्या डोळ्यांदेखत उपाशी आहेत, अन्नासाठीचा त्यांचा आक्रोश आता फार काळ सोसवणार नाही, असे त्यांनी त्यात कळवले होते. हा अर्ज वाचल्यावर त्याने वाडा आणि कागद दोन्ही राखायचे ठरवले. दप्तरात पन्नास हजारांहून अधिक कागद निघाले.

याच कागदांवर १९९४ मध्ये वाड्याच्या आवारात आयर्लंडचे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय उभे राहिले आणि राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. १४९० माणसे गेली त्या वाटेवर आता १६५ किलोमीटरचा पायी मार्ग आखलेला असून ठिकठिकाणी लहान मुलांचे ब्राँझचे बूट बसवले आहेत. कोणी तिकडे गेलेच तर माझे एवढेच सुचवणे आहे की संग्रहालय आधी पाहावे आणि वाडा नंतर. मी उलट क्रमाने पाहणारी माणसे पाहिली. दिवाणखान्यातील चिनी मातीच्या बशांचे कौतुक करून ती संग्रहालयात येतात तोवर बंद होण्याची वेळ झालेली असते.