आईच्या लॅपटॉपचं कुलूप: ‘कोसोत’ प्रकरण सुटलं

तीन संध्याकाळी खर्ची पडल्या, पण चोर सापडला. आणि चोर मीच निघालो.

मागच्या वेळी फुशारकीने लिहिलं होतं की आईच्या ड्युअल बूट (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या) लॅपटॉपवर लिनक्सच्या बाजूला लक्स२ (डिस्क कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची पद्धत) आणि टीपीएम (कुलपाची ‘की’, म्हणजे किल्ली, सांभाळणारी चिप) बसवलं, बटण दाबलं की कोणी काही न विचारता डेस्कटॉप समोर येतो. चार महिने खरंच तसं चाललं. मधे कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, किती अपडेट आले, एकदाही अडलं नाही, कारण मी ते बांधलं होतं पीसीआर ० आणि ७ ला (पीसीआर म्हणजे बूट होताना काय काय चाललं याची मोजमापं ठेवणारे टीपीएममधले खण; ती बदलली की टीपीएम किल्ली देत नाही), आणि त्या दोन्हींत कर्नलचा हिशेब धरला जात नाही. गेल्या आठवड्यात एफडब्ल्यूअपडी या साधनाने फर्मवेअरचा, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचा, नवा अपडेट दाखवला. त्याने स्पष्ट सांगितलं होतं की डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, रिकव्हरी की (अडचणीसाठीची राखीव किल्ली) हाताशी ठेवूनच पुढे जा. मी नेहमीप्रमाणे न वाचता ‘वाय’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. “अरे, हा पासवर्ड मागतोय. आधी कधी मागत नव्हता.”

इथवर काही विशेष नाही. फर्मवेअर बदललं की पीसीआर ० बदलणार, टीपीएम की सोडणार नाही, लक्स पासफ्रेज (लांब पासवर्ड) विचारणार. ते तसंच व्हायला हवं. मी फोनवरून पासफ्रेज सांगितला. चुकीचा. पुन्हा, एकेक अक्षर सांगून. चुकीचा. संध्याकाळी स्वतः जाऊन टंकला, तरी तेच. आर्गॉन२मुळे (पासफ्रेज तपासणं मुद्दाम संथ करणारी पद्धत) प्रत्येक चुकीच्या प्रयत्नानंतर दोन-तीन सेकंद ताटकळावं लागतं. एरवी मी या विलंबाचं कौतुक करतो. त्या संध्याकाळी नाही केलं.

पहिला संशय लक्सच्या हेडरवर (डिस्कवरचा, कुलपाची माहिती असलेला भाग). दुसरा कीबोर्डवर, म्हणून बाहेरचा लावून पाहिला. तिसरा स्वतःच्या स्मरणशक्तीवर, आणि तो सगळ्यात वाईट, कारण त्याला पुरावाच नसतो. शेवटी कागदावर छापून ठेवलेली रिकव्हरी की काढली. सिस्टमडी-क्रिप्टएनरोल (लक्समध्ये किल्ल्या नोंदवणारं साधन) ती बनवतं तेव्हा आठ-आठ अक्षरांचे आठ गट देतं, एकूण ६४ अक्षरं. बूटच्या पडद्यावर फक्त ठिपके दिसतात. एक अक्षर चुकलं की सगळं पहिल्यापासून, आणि कुठलं चुकलं ते कळत नाही. तिसऱ्या खेपेला दार उघडलं. तेव्हा मी जे ओरडलो ते आई अजून सगळ्यांना सांगते आहे.

आता डेस्कटॉप समोर, पण पासफ्रेज का चालत नाही हे अजून गूढच. टर्मिनल उघडलं, ‘सुडो’ ही आज्ञा (एस-यू-डी-ओ) टंकायला बोटं टेकली, आणि पडद्यावर उमटलं ‘ेह्द’.

इनस्क्रिप्टवाल्यांना (देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड लेआउट वापरणाऱ्यांना) एव्हाना कळलंच असेल. आई सगळं मराठीतच लिहिते, तिचा लेआउट कायम मराठी असतो. चार महिन्यांपूर्वी मी तिच्याच चालू सत्रात बसून डिस्कच्या ग्राफिकल साधनातून पासफ्रेज बदलला होता. मी रोमन समजून टंकत होतो आणि खिडकीत देवनागरी जात होतं. रोमन कळांवर ‘कमल’ टंकलं, के-ए-एम-ए-एल, तर इनस्क्रिप्टमध्ये ‘कोसोत’ उमटतं. समोर ठिपके, त्यामुळे डोळ्यांना पत्ता नाही. खात्रीसाठी दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हाही ‘कोसोत’च गेलं, म्हणून दोन्ही जुळले आणि हिरवी खूण मिळाली. बूटच्या वेळी मात्र कन्सोलचा (नुसत्या मजकुराच्या पडद्याचा) लेआउट अमेरिकी इंग्रजी, तिथे मी ‘कमल’च टंकणार. लक्सच्या दृष्टीने एक पाच बाइटांचा, दुसरा पंधरा बाइटांचा. जुळतील कसे? (खरा पासफ्रेज अर्थातच ‘कमल’ नव्हता. उगाच प्रयत्न करू नका.)

क्रिप्टसेटअप या लक्सच्या साधनातल्या टेस्ट-पासफ्रेज पर्यायाने पडताळलं. इंग्रजी लेआउटमध्ये नकार. लेआउट मराठी करून त्याच कळा दाबल्या, तर काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला. त्या शांततेइतकं गोड मी या महिन्यात काही ऐकलं नाही.

गंमत पाहा. रिकव्हरी की ज्या सोळा अक्षरांतून बनते, ती मॉडहेक्सची अक्षरं मुद्दाम अशी निवडली आहेत की लॅटिन लिपीच्या बहुतेक कीबोर्डांवर ती एकाच जागी सापडतात. म्हणून तिच्यात ए, क्यू, डब्ल्यू, वाय, झेड नाहीत. म्हणजे लेआउटचा घोळ होतो हे कोणाला तरी नेमकं ठाऊक होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर फ्रेंच आणि जर्मन कीबोर्ड होते, आई नव्हती.

आता विंडोजची बाजू. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरसाठी ती ठेवावीच लागते. तिथेही तोच प्रसंग: फर्मवेअर बदलण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) तात्पुरता थांबवायचा असतो, लिनक्समधून अपडेट करताना मी ते साफ विसरलो, आणि निळ्या पडद्याने ४८ अंक मागितले. आणि इथे, मंडळी, टोपी काढावी लागते. ते ४८ अंक सहा-सहांच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. एखादा अंक चुकला की त्या गटापाशीच कळतं. आईने फोनवर माझ्याकडून अंक ऐकून पहिल्याच खेपेला आत पाऊल टाकलं. वर, आत गेल्यावर बिटलॉकरने नव्या मोजमापांशी स्वतःच जुळवून घेतलं. लिनक्समध्ये मला जुना टीपीएम स्लॉट (लक्समधली किल्लीची जागा) हाताने पुसून नवा नोंदवावा लागला.

उलट, का अडलं हे शोधायची वेळ आली तेव्हा निळ्या पडद्याकडून आईला काहीच उमगलं नाही. मलाही नाही. लिनक्सकडे सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ या साधनाने दाखवलेले मागचे पीसीआर मी फाइलीत ठेवले होते, ते नव्यांशी ताडून पाहिले. ० बदललेला दिसणार हे ठाऊक होतं. ७ सुद्धा बदललेला निघाला! तो का? सिक्युअर बूटच्या (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चाव्यांची मोजणी ७ मध्ये होते. मोकयुटिल या साधनाने डीबी (मान्य प्रमाणपत्रांची यादी) उघडून पाहिली, तर २०२३ चं नवं प्रमाणपत्र आलेलं. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ पासून संपते, म्हणून ही अदलाबदल. आपल्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या आवृत्तीचा) शिमही (बूटचा पहिला छोटा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्याच सहीने फर्मवेअरच्या दारातून आत येतो, हे आपण चर्चेत सोयीस्कर विसरतो. मुक्त घराच्या फाटकाची किल्ली शेजाऱ्याकडे.

आणि ‘सोर्स उघडा आहे म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य मी २०२४ च्या मार्चपासून वापरणं सोडलं आहे. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधलं मागचं दार कोणी ऑडिट करून शोधलं नव्हतं. एका डेव्हलपरला एसएसएचचं (दूरच्या संगणकात शिरायचं साधन) लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळल्यासारखं वाटलं आणि तो त्याच्या मागे लागला. उघडं असल्यामुळे मागे लागता आलं, एवढं मात्र खरं.

तर, पुढचा बेत. मूळ विचार होता की पीसीआर ० सोडून नुसत्या ७ ला बांधायचं. पण वरची प्रमाणपत्रांची भानगड पाहता ७ सुद्धा स्थिर नाही, आणि डीबीएक्सचा (रद्द केलेल्या सह्यांची यादी) प्रत्येक अपडेट त्याला हलवणार. मग सही केलेली पीसीआर ११ पॉलिसी आणि यूकेआय (कर्नल आणि बूटचं सामान एकाच फाइलीत) करावं असं वाटलं, ते बनवणाऱ्या युकिफायची पानं वाचायलाही बसलो. हे लिहिता लिहिताच तो बेत रद्द करतो आहे. सहीची की मला सांभाळावी लागेल, आणि मी गावाला गेलो असताना काही बिघडलं तर आई कोणाला विचारणार?

त्यापेक्षा टीपीएमसोबत पिन. हे आधीच करायला हवं होतं. पिन नसताना टीपीएम आपोआप की सोडतो, आणि चिप वेगळी बसवलेली असेल तर ती की बोर्डावरच्या तारांवरून उचलता येऊ शकते. २०२४ मध्ये रास्पबेरी पाय पिको (एक छोटा कंट्रोलर बोर्ड) लावून बिटलॉकरची की अशी एका मिनिटाच्या आत काढून दाखवली गेली. आईचा लॅपटॉप कोणी उघडून तारा जोडत बसणार नाही, कबूल. पण पिनसाठी तिला फक्त आकडे दाबायचे आहेत, आणि ‘बटण दाबलं की उघडतं’ याची सवय मोडणं मला आता सुरक्षेपेक्षा दुसऱ्याच कारणाने हवं आहे: रोज काहीतरी टंकावं लागलं तर ते चालतं की नाही हे रोजच कळेल.

फिडो२ची कळ (संगणकाला जोडायची सुरक्षा-किल्ली) लावून नुसत्या स्पर्शाने उघडावं, हाही विचार होता. त्यासाठी घेतलेली कळ एचमॅक-सीक्रेट (डिस्क उघडायला लागणारी फिडो२ची जोडसोय) जाणतच नाही असं निघालं. विक्रेत्याच्या पानावर ‘फिडो२’ ठळक, बाकी मौन. ती आता माझ्या ईमेलच्या कामाला.

काल रात्री सगळं नव्याने नोंदवलं, यावेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून थेट कन्सोलवरून. तिथे देवनागरी येऊच शकत नाही आणि बूटलाही तोच लेआउट असतो. नवा पासफ्रेज, नवी रिकव्हरी की, टीपीएम आणि पिन. ‘कोसोत’चा स्लॉट पुसला. मग मुद्दाम सिक्युअर बूट बंद करून पीसीआर ७ बिघडवला आणि लॅपटॉप आईच्या हातात दिला, यावेळी बिटलॉकर आधी थांबवून. पिन नाकारला गेला, पासफ्रेज विचारला, तिने कागद पाहून टंकला आणि आत गेली.

“मग यात अवघड काय होतं?” म्हणाली.

सिक्युअर बूट परत चालू केलं आहे. रिकव्हरी कीचा दुसरा छापील कागद माझ्याकडे, यावेळी प्रत्येक चार अक्षरांनंतर मोकळी जागा सोडून आणि मोठ्या टंकात.