काकूंचा चौरंग

"कडा घासा. वापरून वापरून जिथला रंग उडाला असता, तिथंच घासा," शिकवणारी ताई सांगत होती.

माझ्या शेजारच्या काकूंनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "अगं, माझ्या चौरंगाच्या कडा आधीच झिजल्यात. सासूबाईंच्या हातानं."

आज सांगलीत विश्रामबागला फर्निचर रंगवायच्या कार्यशाळेत होते. रंग चॉक पेंट, ब्रिटनच्या रंगतज्ज्ञ ॲनी स्लोन यांनी १९९० साली आणलेला. बहुतेक वेळा प्रायमर लागत नाही, वाळला की खडूसारखा मॅट दिसतो. त्यावर मेण. आधी बिनरंगी, मग कोरीव खाचांत गडद, आणि मऊ फडक्यानं जास्तीचं पुसून घ्यायचं. हाताला ते लवकर कोरडं लागतं, पण पक्कं व्हायला काही आठवडे जातात.

काकूंनी फक्त पाय निळे केले. वरची फळी तशीच ठेवून नुसतं मेण चोळलं, तर सागवानाच्या रेषा अशा वर आल्या की आम्ही सगळ्याच आपापलं काम सोडून बघायला गेलो. झीज लपवली नाही, हे मला फार आवडलं.

तेव्हापासून मिरज डोक्यात आहे. तिथं तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बोळ्यानं लाखेच्या पॉलिशचे थरावर थर देतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. इतकं जवळ असून तो हात मी कधी शिकायला गेले नाही.

तिथल्या एखाद्या कारागिरानं रविवारी वर्ग घेतला, तर माझ्याबरोबर कोण येईल?